जिनिंगमध्ये दिराले ४२० अन् मले २६०, ढीग एकच. कायदा काही म्हणते का?

कपाशीवाली

नमस्कार सगळ्यांले. पहिल्यांदाच लिहून राह्यली, काही चुकलं तं सांभाळून घ्या. मी यवतमाळ जिल्ह्यातली, गावाचं नाव सांगत नाही कारण गाव लहान आहे अन् इथं कोण कोणाचा भाचा निघन याचा नेम नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा, सीझन लागते, तो होळीपर्यंत चालते. मी अन् माझा दीर एकाच जिनिंगमध्ये एकाच मुकादमाच्या हाताखाली जातो. सकाळी एकाच आटोत बसतो, एकाच ढिगापाशी उभे राह्यतो. काम म्हणजे ढिगातला कापूस ओढून मशिनीकडच्या पट्ट्यावर टाकायचा, त्यातली कवडी, पऱ्हाटीच्या काड्या, पन्नीचे तुकडे, केस हे सगळं बाजूले काढायचं. आठ वाजल्यापासून सहा वाजेपर्यंत, मधात जेवाची अर्धा घंटा सुट्टी. शनिवारी चुकारा होते. दिराच्या हातात रोजाचे ४२० च्या हिशोबानं पडते, माह्या हातात २६० च्या. एकाच घरातले दोन पाकिटं एकाच पलंगावर ठेवले जाते त्यामुळे फरक लपत बी नाही. सासू म्हणते माणसाले जास्तच असते, त्यात काय इचारतं.

मुकादमाले इचारलं तं तो म्हणते "बायांचं काम हलकं असते." मी म्हटलं भाऊ, तोच ढीग, तीच काडी, माह्या वाट्याले कोणती हलकी काडी येते ते दाखव. हसला अन् गेला.

अजून एक. मागच्या साली वजनकाट्यावर लिहायले माणूस पाहिजे होता. माहं बीकॉम झालं आहे, टायपिंग बी येते. मी गेली तं म्हणे काट्यावर शेतकरी येते, गाडीवाले येते, रात्री उशीर होते, ते बाईमाणसाचं काम नाही. बारावी नापास पोट्टा ठेवला. तो पोट्टा वाईट नाही, पण बेरीज मलेच इचारायले येते.

मले भांडण करायचं नाही, पण कायदा खरंच काही म्हणते का हे मले समजून घ्यायचं आहे. सरकारी नोकरीले लागू असते अन् आमच्यासारख्याले नसते असं एक जण म्हणे. खरं काय?

पांढरं सोनं

ताई राग नका मानू पण दुसरी बाजू बी पाहा. माह्या मामाची छोटी जिनिंग आहे, मी सीझनमध्ये तिथं हिशोब पाहतो. माणूस गडी एक ढिगावर असला तरी गाडी आली की त्याले खाली करायले पाठवता येते, गठाण सरकवायची असली की हाक मारता येते, लाईट गेली तं जनरेटरपाशी धाडता येते. बाईले ते सांगता येत नाही. मालक ते पैसे त्या तयारीचे देते. आणि भाव पडला की जिनिंगवाल्याचं काय होते ते बी कोणी इचारत नाही. सारखी मजुरी द्यायची म्हटली तं मालक बायाच कमी लावन, मग २६० बी गेले. कायदा कागदावर छान वाटते बाप्पा.

जुना कारकून

मी कामगार न्यायालयात बाबू होतो, आता रिटायर आहे, वर्ध्याकडं राहतो. वकील नाही, पण तीसेक वर्षं असेच कागद चाळले म्हणून थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिलं, "सरकारी नोकरीलाच लागू" हे अर्धवट खरं आहे आणि त्या अर्धवटपणामुळेच लोक फसतात. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीसाठी आहे. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव करू नका असं जे त्यात म्हटलंय ते सरकारला म्हटलंय, जिनिंगच्या शेठला नाही. पण बाई आणि माणूस यांच्या मजुरीचा कायदा वेगळा आहे आणि तो खाजगीलाही लागू आहे. तो आजचा नाही. समान मोबदला कायदा १९७६ चा, त्याच्याआधी १९७५ मध्ये वटहुकूम निघाला होता, ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. म्हणजे ताई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून तुमचा हा हक्क कागदावर आहे. आता तो जुना कायदा वेतन संहितेत मिसळला, संहिता २०१९ ची आणि लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. कलम ३ वाचा. एकाच मालकाकडे तेच काम किंवा तशाच स्वरूपाचं काम असेल तर लिंगावरून मजुरीत फरक करता येत नाही.

आता सगळी मारामारी होते ती "तशाच स्वरूपाचं काम" या तीन शब्दांवर. कायद्यात त्याची व्याख्या दिली आहे. कौशल्य, मेहनत, अनुभव, जबाबदारी सारखी पाहिजे, कामाची परिस्थिती सारखी पाहिजे, आणि थोडाफार फरक असलाच तर तो प्रत्यक्षात महत्त्वाचा नसला पाहिजे. हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे, कारण मालक नेहमी कोणतातरी बारका फरक शोधून आणतोच.

पांढरं सोनं भाऊ, तुम्ही जे "गाडी आली तर पाठवता येते" म्हणालात ना, अगदी तोच मुद्दा सुप्रीम कोर्टापुढं वेगळ्या रूपात येऊन गेला आहे. १९८७ चं मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा. मुंबईची जहाज कंपनी, बाई स्टेनोग्राफर. पुरुष स्टेनोना जास्त पगार आणि बायांना कमी. कंपनी म्हणे बाया साहेबांच्या खाजगी स्टेनो आहेत, त्यांचं काम वेगळं. शिवाय युनियनबरोबर करार झालाय, शिवाय आमची परिस्थिती नाही. कोर्टानं सांगितलं की माणूस प्रत्यक्षात रोज काय करतो ते पाहा, कागदावर त्याला काय काय सांगता येऊ शकतं ते पाहू नका. करार झाला म्हणून भेदभाव कायदेशीर होत नाही, आणि परवडत नाही हे कारण चालत नाही. आता तुम्ही सांगा, तो गडी आठवड्यातून किती घंटे गाडी खाली करते? रोज चार घंटे करत असेल तर तुमचा मुद्दा खरा, ते काम वेगळं. महिन्यातून दोनदा करत असेल तर १६० रुपये रोज त्या दोन वेळांसाठी कसे काय?

आणि दुसरी बाब जी कोणी सांगत नाही. त्याच कलम ३ मध्ये असंही आहे की सारखेपणा आणायच्या नावाखाली मालकाला कोणाचीही मजुरी कमी करता येत नाही. म्हणजे दिराचे ४२० चे ३४० करून दोघांना सारखं केलं, असं चालणार नाही. घरात हे आधी सांगा.

वजनकाट्याचं. भरती करतानाही लिंगावरून भेदभाव करता येत नाही, तेही त्याच कलमात आहे. अपवाद फक्त जिथं कायद्यानंच बायांना काम करायला मनाई केलेली आहे तिथं. काट्यावर वही लिहायला कोणत्या कायद्याची मनाई आहे ते मला तरी माहीत नाही. पण खरं सांगतो, भरतीचं सिद्ध करणं मजुरीपेक्षा कठीण. त्यांनी लेखी काही दिलं का? नसेल दिलं. तोंडी बोललेलं उद्या कोणी कबूल करत नाही.

पांढरं सोनं

बाबूजी तुमचं बरोबर असन. माह्या मामाकडे माणसं गाडी खाली करते ते रोजच करते, खोटं नाही बोलत. पण ढिगावरच दिवसभर असलेले दोन-तीन बी आहे अन् त्यायले बी तोच भाव आहे, हे मी आजपर्यंत कधी वेगळं मोजलं नव्हतं हे कबूल करतो.

दालमिलवाली अकोला

मी दालमिलमध्ये सहा वर्षं काढले म्हणून सांगते. कारकून काका सांगते ते सगळं खरं आहे पण ते शेवटचं पान आहे, पहिलं पान दुसरंच असते.

आम्ही अकरा जणी होतो, तूर निवडायले. त्याच हॉलमध्ये चार माणसं, तेच काम, भाव आमच्यापेक्षा दीडपट. आम्ही आधी मुनिमाले बोललो, मग शेठले, मग एक युनियनवाला भाऊ भेटला त्यानं अर्ज लिहून दिला. अर्ज गेला अन् काय झालं सांगू? दुसऱ्या हप्त्यापासून त्या चार माणसायले हॉलमधून काढून मागच्या बाजूले पोते शिवायले पाठवलं. कामगार ऑफिसचे साहेब आले तं हॉलमध्ये नुसत्या बायाच. तुलना करायले माणूसच ठेवला नाही! शेठ म्हणे इथं माणसं हे काम करतच नाही साहेब. लबाड.

पण आमच्यातली एक जण लय हुशार निघाली, तिनं रोजच्या रोज वहीत लिहून ठेवलं होतं, कोण कुठं बसला ते बी. त्या वहीवर साहेबानं बोट ठेवलं अन् शेठ थोडा नरमला. शेवटी कोर्टात गेलंच नाही, आमचे रोजाचे ६० रुपये वाढले, माणसाएवढे नाही झाले पण वाढले. अन् पुढच्या वर्षी अकरातल्या तिघींले फोन आला नाही. त्यात मी एक. नंतर मी शिलाई मशीन घेतली, आता बरं चाललं आहे, पण ती गोष्ट गिळली जात नाही.

म्हणून ताई तुमचा दीर तुमच्या बाजूले उभा आहे ना, तो आहे तोवर लिहून ठेव. त्याले हलवायच्या आधी.

कपाशीवाली

दालमिलवाली ताई, अंगावर काटा आला. हे तं मले सुचलंच नव्हतं.

कारकून काका, दोन गोष्टी इचारायच्या. आमचे पैसे शेठ देत नाही, मुकादम देते. शेठले गेलं तं तो म्हणन मी या बायांले ओळखत नाही, मुकादमाले इचारा. मुकादम म्हणन मले शेठ जेवढे देते तेवढेच देतो. अन् दुसरं, आमच्या हाती कागद काहीच नाही. चुकारा नगदी. हजेरी मुकादमाच्या वहीत, तिच्यात आमचं पूर्ण नाव बी नाही, "रामाची बायको", "मागची लंबी" असं लिहिलं आहे. खरंच सांगते, हसू नका.

जुना कारकून

हसत नाही ताई. न्यायालयात मी "काळा शर्ट" नावाचा मजूर पाहिला आहे.

मुकादमाचं. कायद्यात मालक या शब्दात ठेकेदार धरलेला आहे. तुम्ही आणि दीर एकाच मुकादमाच्या हाताखाली आहात हे तुमच्या फायद्याचं, कारण "एकच मालक" ही अट तिथंच पूर्ण झाली. माणसं शेठच्या पगारपत्रकावर आणि बाया ठेकेदाराकडे अशी वाटणी असती तर वाद लांबला असता, काही ठिकाणी मुद्दाम तशी वाटणी करतात. आणि मुकादमानं पैसे दिले नाहीत तर ज्याची जिनिंग आहे त्याच्यावर जबाबदारी जाते, हेही संहितेत आहे. ओळखत नाही म्हणून सुटका नाही.

कागदाचं. नोंदवही ठेवायची आणि वेतनचिठ्ठी द्यायची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. आणि कमी मजुरी दिल्याचा दावा झाला तर पूर्ण दिली हे सिद्ध करायचं ओझंही मालकावर आहे. जुन्या काळी मजूर बिचारा पुरावे आणता आणता म्हातारा व्हायचा. तरी दालमिलवाली ताईंचं म्हणणं सोडू नका, वही पाहिजेच. ओझं मालकावर असलं तरी साहेबासमोर ज्याच्या हातात काही आहे त्याचं ऐकलं जातं, हा माझा अनुभव, कायदा नाही.

अर्ज कुठं करायचा तर जिल्ह्याच्या गावाला सरकारी कामगार अधिकाऱ्याचं ऑफिस असतं. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. एकाच अर्जात कितीही जणींची नावं टाकता येतात, आणि अर्ज स्वतः मजुरानं करावा, नोंदणी असलेल्या युनियननं करावा किंवा सरकारी निरीक्षकानं करावा, तिन्ही चालतात. तुमचा फरक रोजाचा १६०. सीझनचे १४० दिवस धरले तर २२,४०० रुपये होतात. फरकाच्या रकमेशिवाय भरपाई देता येते, ती दाव्याच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकते. "पर्यंत" हा शब्द नीट वाचा, दहापट मिळतेच असं समजून बैलजोडी घ्यायला निघू नका. मालकाला दंड ५०,००० रुपयांपर्यंत, आणि पाच वर्षांत पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते किंवा दंड लाखापर्यंत.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बायांना तिथं मोफत वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा फोन नंबर आहे. गावात कोणालाच माहीत नसतो.

पुढच्या सीझनला बोलावलं नाही तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मनात असेलच. त्याचं माझ्याकडे गोड उत्तर नाही. सीझनच्या मजुराला "मी कामावरून काढलं नाही, फक्त बोलावलं नाही" असं म्हणणं मालकाला फार सोपं असतं. म्हणूनच एकटीनं जाऊ नका म्हणतो. सगळ्या जणींना एकदम न बोलावणं शेठला परवडत नाही, कापूस तोवर अंगणात काळा पडते.

काळी माती

मी शेतकरी, आठ एकर, मोर्शीकडचा. इथं सगळे जिनिंगच्या शेठवर तुटून पडले म्हणून भीत भीत इचारतो, शेतावर बी हे लागू आहे का? आमच्याकडे निंदणाले बाईले २५०, माणूस फवारणीले ५०० मागते. वेचणी किलोवर आहे, तिथं बाई माणूस कोणी बी वेचो भाव एकच. सोयाबीन सोंगणी एकराच्या ठेक्यावर, जोडपं येते, पैसे जोडप्याचे. मी कुठं चुकून राह्यलो ते सांगा, कारण मी बी काही सावकार नाही, माह्याच डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे.

जुना कारकून

इमानदारीनं विचारलं म्हणून आवडलं. किलोचा भाव एकच आहे तिथं प्रश्न नाही. रोजगार हमीवरही तसंच, खोदलं तेवढं मोजतात, खोदणारा कोण ते पाहत नाहीत. निंदण आणि फवारणी ही वेगळी कामं, फवारणीत विषाचा धोकाही आहे, यवतमाळात २०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली ते सगळ्यांना आठवते. त्यामुळे २५० आणि ५०० ची सरळ तुलना या कायद्यात बसत नाही.

पण इथंच हा कायदा तोकडा पडते, ते मी लपवत नाही. तो विचारते की बाई आणि माणूस एकाच कामावर आहेत का. गावात तर कामंच आधी वाटून टाकली आहेत. वाकायचं काम बाईचं, यंत्राचं काम माणसाचं. निंदणाला माणूस येतच नाही, मग तुलना कोणाशी करणार? दिवसभर वाकून निंदण करणं फवारणीपेक्षा निम्म्या मेहनतीचं आहे हे कोणी ठरवलं, तर कोणीच नाही, ते तसंच चालत आलं. दालमिलच्या शेठनं माणसं हॉलमधून हलवली ना, आपल्या गावानं तेच काम शंभर वर्षांआधी करून ठेवलं आहे. म्हणून कपाशीवाली ताईचा मामला मला इतका पक्का वाटते, दीर शेजारीच उभा आहे. असा मामला क्वचित हाती येते.

हो, आणि शेतावर पाच किंवा त्याहून कमी मजूर असतील तर नोंदवही अन् चिठ्ठीची सक्ती नाही तुम्हाला. पण निरीक्षकानं मागितलं तर पैसे दिल्याचा काहीतरी पुरावा दाखवावा लागतो. आणि निंदणालाही सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, त्या किमान वेतनात बाई-माणूस असा फरक नसतो.

काळी माती

समजलं. बायकोले हे वाचून दाखवलं, ती म्हणे मग आपल्या वावरात मी निंदते त्याचा रोज कोण देते. मी मोबाईल बंद केला.

आर्णीचा पोट्टा

मुद्द्याले सोडून इचारतो, माफी. माह्या बहिणीले जिनिंगमधून सहाव्या महिन्यात "आता तुले झेपणार नाही" म्हणून घरी बसवलं. मुकादम म्हणे तुह्याच भल्यासाठी सांगून राह्यलो. दोन सीझन तिनं तिथंच केले होते. तिले काही मिळते का? ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, वगैरे काही कापत नव्हते.

जुना कारकून

ईएसआयसी नव्हतं हे बरोबरच, कारण सीझनवर चालणारे कारखाने त्या योजनेच्या बाहेर ठेवले आहेत आणि त्या यादीत कापसाच्या जिनिंगचं नाव आहे. पण त्याचा अर्थ बाळंतपणाचं काहीच नाही असा नव्हे. उलट मग ते पैसे थेट मालकानं द्यायचे असतात. आधीचा १९६१ चा प्रसूती लाभ कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२०. अट एवढीच की बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं पाहिजे. सीझन होळीपर्यंत चालते म्हणता, ८० दिवस सहज भरतात. पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवडे, दोन लेकरं असतील तर तिसऱ्याला १२.

रोजंदारीवाल्यांना नाही असं मुकादम म्हणेल. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपत्रकावरच्या मजूर बायांच्या प्रकरणात २००० साली सुप्रीम कोर्टानं रोजंदारीवाल्या बायांनाही हा हक्क आहे असं स्पष्ट सांगितलं, त्या बाया रस्त्याचं बांधकाम आणि दुरुस्तीची कामं करत होत्या. ठेका संपला म्हणून हक्क संपत नाही असंही २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात सांगितलं, त्या दिल्लीत कराराच्या डॉक्टर होत्या.

आणि "तुझ्या भल्यासाठी". बाळंतपणाच्या आधीचे काही आठवडे जड काम देऊ नये हे खरं, पण ते बाईनं मागितलं तर. तिनं न मागता तिला घरी बसवणं आणि मजुरी बंद करणं याला कायदा भलं म्हणत नाही. कुठल्या तारखेपर्यंत कामावर होती, सोबत कोण होतं, आशाताईकडच्या कार्डावर काय तारखा आहेत, ते आधी जमा करा.

एक राहिलं. बाळंतपणाच्या रजेची ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात १९२८ ला या विधेयकाच्या बाजूनं बाबासाहेब बोलले होते, मुंबईचा कायदा १९२९ ला झाला आणि आपल्या मध्यप्रांताचा १९३० ला. जवळपास शंभर वर्षं झाली आणि मुकादम अजून भलं करून राह्यला.

निळी पहाट

मजुरीचं सगळं झालं, आता मी बोलतो. आमच्याकडे ढिगावर मजुरी सारखीच आहे पण पाण्याचे माठ दोन आहे. कोणी बोलत नाही, माठावर नाव नाही, पण कोणी कोणत्या माठाचं प्यायचं हे सगळ्यांले माहीत आहे. अन् काट्यावर, गोडाऊनवर माणूस ठेवायचा असला की पहिला प्रश्न आडनाव. याले कोणता कायदा?

जुना कारकून

माठाला कायदा आहे आणि दातवाला आहे. अस्पृश्यता बंद करणारं संविधानाचं कलम १७, त्याखालचा नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५, आणि अनुसूचित जाती जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९. हे खाजगी माणसावरही चालतात, कामगार ऑफिसात नाही तर पोलीस ठाण्यात.

आडनावाचं अवघड आहे. १९५५ च्या कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला नोकरी-धंद्यापासून अडवणं गुन्हा आहे. पण शेठ कधी म्हणतो का की जातीमुळे घेत नाही? तो म्हणतो जागा भरली. बाईच्या मजुरीसाठी जसा पैशाचा फरक आकड्यात दिसतो तसं इथं काही हाती लागत नाही, आणि खाजगी नोकरीत जात, धर्म धरून सगळ्या प्रकारचा भेदभाव एकत्र बंद करणारा कायदा आपल्या देशात झालेला नाही. मुस्लिमांच्या परिस्थितीवर नेमलेल्या सच्चर समितीनं २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती, खासदार शशी थरूर यांनी भेदभावाविरुद्ध खाजगी विधेयक आणलं होतं. कायदा झाला नाही. मी नोकरीत असताना आडनावाचा एक कागद माझ्या टेबलावर आला नाही, आणि त्याचा अर्थ तसं घडत नाही असा कोणी काढू नये.

निळी पहाट

कागद येत नाही कारण लिहायलेच काही नसते काका. असो. माठाचा फोटो काढून ठेवतो.

कपाशीवाली

सगळ्यांचे आभार. काल रात्री दिरासोबत बसली. आधी तो घाबरला, म्हणे वहिनी माहे ४२० कमी झाले तं? मी त्याले काकांनी लिहिलेलं ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. मग म्हणे ठीक आहे, पण आईले नको सांगू.

पोराची तिसरीतली अर्धी कोरी वही सापडली, तिच्यात सोमवारपासून लिहायले घेतलं. तारीख, ढिगावर कोण कोण, किती वाजता आलो, गाडी खाली करायले माणसं गेले का, किती वेळ गेले. सोमवार ते गुरुवार चार दिवसांत दीर गाडीवर एकदाच गेला, पाऊण घंटा. बाकी वेळ माह्या डाव्या बाजूले. रोज संध्याकाळी तो खाली सही करते, त्याची सही लय मोठी येते, पान खाते.

बायांमधल्या सहा जणी तयार आहे. बाकीच्या म्हणते तुम्ही करा, वाढले तं आमचे बी वाढनच. शनिवारी चुकाऱ्याच्या वेळेस मी मुकादमाले चिठ्ठी मागणार आहे, फक्त चिठ्ठी, दुसरं काहीच बोलणार नाही. काय म्हणते ते इथं सांगते.

दालमिलवाली अकोला

तारखेसोबत वार बी लिही. अन् वही जिनिंगमध्ये नेऊ नको, घरी ठेव. आमची एकदा चहाच्या टेबलावरून गायब झाली होती.